बाळ गंगाधर खेर

बाळ गंगाधर खेर (२४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी – ८ मार्च १९५७, पुणे) हे ब्रिटिश अमदानीतील मुंबई प्रांताचे पंतप्रधान आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री होते. १९३७ ते १९३९ आणि १९४६ ते १९५२ अशा दोन कालखंडांत त्यांनी राज्यकारभार सांभाळला. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतातील प्रमुख मंत्र्यास पंतप्रधान म्हणत; भारतीय राज्यघटना अमलात आल्यावर त्याच पदाला मुख्यमंत्री हे नाव मिळाले. बाळासाहेब खेर या नावाने ते अधिक परिचित आहेत.

प्राथमिक शाळांची स्कूल बोर्डे, महानगरपालिकांचा सर्वसाधारण कायदा, भाडे नियंत्रण, गृहनिर्माण मंडळ आणि एस.टी. या आजही महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेल्या अनेक व्यवस्था खेर मंत्रिमंडळाच्या काळात आकाराला आल्या. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे शहरही त्याच काळात वसले. लोकनियुक्त स्थानिक संस्थेला किती अधिकार द्यावेत आणि सरकारी अधिकाऱ्याकडे किती ठेवावेत, हा प्रश्न त्यांच्या सबंध कारकिर्दीत पुनःपुन्हा समोर आलेला दिसतो.

बालपण, शिक्षण आणि वकिली

खेर यांचा जन्म रत्नागिरी येथे एका सामान्य स्थितीतील ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणाचा काही काळ जमखंडी संस्थानातील कुंदगोळ येथे गेला, त्यामुळे कानडी मुलखाशी त्यांचा लहानपणीच परिचय झाला. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि नंतर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९०८ मध्ये ते बी.ए. झाले. संस्कृत विषयातील प्रावीण्याबद्दल त्यांना भाऊ दाजी पारितोषिक मिळाले होते. संस्कृतची ही गोडी त्यांनी अखेरपर्यंत जपली.

कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे काही काळ काम केले. बीमन यांची दृष्टी अधू झालेली असल्याने कागदपत्रे वाचून दाखविणारा विश्वासू माणूस त्यांना हवा होता. १९१८ मध्ये खेर यांनी भागीदारीत मणिलाल खेर आणि कंपनी ही सॉलिसिटरांची पेढी सुरू केली. कराराचा मसुदा बारकाईने तपासणे हे सॉलिसिटराचे रोजचे काम असते. मंत्रिमंडळाच्या कायद्यांतही तपशिलाची तीच सवय दिसते.

राजकारणात प्रवेश

१९२२ च्या सुमारास खेर स्वराज्य पक्षात आले आणि त्या पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३० मध्ये व पुन्हा १९३२ मध्ये त्यांना कारावास झाला. पेढीचे उत्पन्न सोडून तुरुंग पत्करणाऱ्या त्या पिढीतील वकिलांपैकी ते एक होते.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. नेतेपद मुंबईचे लोकप्रिय पुढारी के. एफ. नरिमन यांना मिळेल असा सर्वसाधारण अंदाज होता. परंतु विधिमंडळ पक्षाने खेर यांची निवड केली. सरदार वल्लभभाई पटेल यांनी आपल्याविरुद्ध वजन वापरले, अशी नरिमन यांची तक्रार होती. तिची चौकशी झाली आणि निष्कर्ष नरिमन यांच्या विरुद्ध गेला. या वादाची सावली खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळावर काही महिने राहिली. मराठी, गुजराती व कानडी अशा तीन भाषांचे जिल्हे असलेल्या प्रांतात सर्वांना चालेल असा शांत स्वभावाचा माणूस म्हणून त्यांची निवड झाली, असे मानले जाते.

पहिले मंत्रिमंडळ (१९३७–१९३९)

१९ जुलै १९३७ रोजी खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपयेच वेतन घ्यावे, हा काँग्रेसचा दंडक त्यांनी पाळला. मोरारजी देसाई, कन्हैयालाल मुनशी, अण्णा बाबाजी लठ्ठे व डॉ. गिल्डर हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. शिक्षण खाते खेर यांनी स्वतःकडे ठेवले.

शिक्षण खात्यात त्यांच्यापुढे एक अवघड वारसा होता. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली होती. त्यानंतर शिक्षणमंत्री रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या काळात झालेल्या १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिकांकडे गेला. शाळा लोकांच्या प्रतिनिधींनी चालवाव्यात, हे तत्त्व उत्तमच होते. व्यवहारात मात्र शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या हे स्थानिक राजकारणाचे चलन बनले. निवडणुकीत विरोधी पक्षाला मदत केल्याचा संशय असलेला मास्तर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पाठविला जाई, आणि मर्जीतल्या उमेदवाराला शाळा मिळे. खेड्यातील शिक्षक हा बहुधा गावातील एकमेव लिहिता-वाचता माणूस असल्याने अर्ज, पत्रे, मतदारयाद्या सर्व त्याच्याच हातून जात. म्हणूनच त्याच्यावर ताबा असण्याला एवढे मोल होते.

१९३८ च्या दुरुस्तीने यावर उपाय योजला गेला. स्कूल बोर्डाचा प्रशासन अधिकारी हा सरकारने नेमलेला असावा आणि तपासणीचे कामही सरकारी यंत्रणेकडे असावे, असे ठरले. निवडून आलेल्या सभासदांकडे धोरण व अंदाजपत्रक राहिले, तर शिक्षकाच्या नोकरीचा निर्णय बऱ्याच अंशी अधिकाऱ्याकडे आला. स्थानिक स्वराज्याचा संकोच होतो, अशी टीका त्यावर झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु शिक्षकांना त्यामुळे दिलासा मिळाला, हेही खरे. शाळा नसलेल्या खेड्यांत खासगी प्रयत्नांतून शाळा निघाव्यात म्हणून अनुदान देण्याचे धोरणही याच काळातले. वर्धा शिक्षण योजनेचा विचार करण्यासाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९३८ व १९३९ मध्ये नेमलेल्या दोन्ही समित्यांचे अध्यक्ष खेर होते.

दारूबंदी हा या मंत्रिमंडळाचा सर्वांत गाजलेला निर्णय. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात ती लागू झाली. अबकारी उत्पन्न बुडणार म्हणून शहरातील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसविण्यात आला. दारू पिणाऱ्याच्या सवयीची किंमत घरमालकाने का द्यावी, असा आक्षेप मालमत्ताधारकांनी घेतला. पुढे हातभट्टीचा धंदा फोफावला आणि तो रोखण्याच्या कामाचा बोजा पोलिसांवर पडला.

कामगारांच्या बाबतीत या मंत्रिमंडळाची प्रतिमा वेगळी राहिली. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याने संपावर निर्बंध आले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी कामगार नेते यांनी मिळून एक दिवसाचा मोठा संप केला. आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयकही मंत्रिमंडळाने पुढे नेले नाही. खेर स्वतः रत्नागिरीचे. खोताच्या हाताखालील कुळाची स्थिती त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. खोती नष्ट करणारा कायदा अखेर १९४९ मध्ये, त्यांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळात झाला. मधल्या बारा वर्षांची भरपाई कुळांना कोणी दिली नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारताला परस्पर गोवल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये इतर काँग्रेस मंत्रिमंडळांप्रमाणे खेर मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला.

आदिवासी सेवा मंडळ

अधिकारावर असताना खेर सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यास प्रांतातील आदिवासींच्या स्थितीचा अहवाल तयार करण्यास सांगितले होते. सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या कचाट्यात सापडलेल्या वारली, कातकरी, भिल्ल आदी जमातींचे चित्र त्या अहवालाने पुढे आणले. सत्ता सोडल्यानंतर १९४० मध्ये खेर यांनी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. ठाणे जिल्हा हे मंडळाचे मुख्य कार्यक्षेत्र होते. शाळा आणि वसतिगृहे यांवर त्याचा भर होता.

यातूनच पुढे जंगल कामगार सहकारी संस्थांची कल्पना आकाराला आली. तोवर वनखाते जंगलाचे कूप लिलावाने ठेकेदारांना देई आणि ठेकेदार आदिवासींकडून कवडीमोलाने तोड करून घेई. १९४६–४७ पासून काही कूप आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थांना देण्यास सुरुवात झाली. हिशेब आणि पत्रव्यवहार यांसाठी आदिवासी सेवा मंडळासारखी संस्था पुरस्कर्ती म्हणून पाठीशी उभी राही. मजुरीचे दर ठरलेले असत आणि नफ्याचा काही भाग सभासदांच्या कल्याणासाठी वापरला जाई. योजना चांगली होती. मात्र सभासद निरक्षर आणि चिटणीस बाहेरचा, अशी स्थिती जेथे राहिली तेथे जुन्या ठेकेदारानेच मागच्या दाराने प्रवेश केला.

याच जिल्ह्यात १९४५ पासून गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा सुरू होता. वेठबिगार बंद करावी आणि गवतकापणीची व जंगलातील कामाची मजुरी वाढवावी, या त्याच्या मागण्या होत्या. १९४६ मध्ये खेर सरकारने परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यात येण्यास बंदी केली. आदिवासींच्या सेवेसाठी संस्था काढणाऱ्या पंतप्रधानाच्याच सरकारने आदिवासींचा संप असा हाताळावा, ही त्यांच्या चरित्रातील मोठी विसंगती आहे.

दुसरे मंत्रिमंडळ (१९४६–१९५२)

१९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२ च्या चळवळीत पुन्हा तुरुंगवास भोगल्यावर ३० मार्च १९४६ रोजी खेर दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. मोरारजी देसाई यांच्याकडे गृह व महसूल, वैकुंठभाई मेहता यांच्याकडे अर्थ, गुलझारीलाल नंदा यांच्याकडे कामगार आणि विरारचे गोविंद धर्माजी ऊर्फ अण्णासाहेब वर्तक यांच्याकडे स्थानिक स्वराज्य अशी खाती होती. फाळणी, अन्नधान्याची टंचाई, संस्थानांचे विलीनीकरण आणि महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेली जाळपोळ अशा प्रसंगांनी ही सहा वर्षे व्यापली होती. तरीही याच काळात कायदे फार झाले.

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे स्थापन झाली. मोठ्या, म्हणजे प्राधिकृत, नगरपालिकांना स्वतःचे स्कूल बोर्ड ठेवता येई. लहान नगरपालिकांच्या हद्दीतील शाळा जिल्हा बोर्डाकडे राहिल्या. शिक्षकांची निवड एकट्या अध्यक्षाच्या हाती न ठेवता निवड समितीकडे सोपविण्यात आली आणि त्या समितीत सरकारी अधिकाऱ्यांना स्थान मिळाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर जिल्हा स्कूल बोर्डे त्यांत विलीन झाली, परंतु शहरांमधील शिक्षण मंडळे पुढेही अनेक दशके चालू राहिली.

१९४७ च्याच भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. युद्धामुळे मुंबईत घरांची भीषण टंचाई होती आणि भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचविणे आवश्यक होते. हा कायदा तात्पुरता मानला गेला होता. प्रत्यक्षात वेळोवेळी मुदतवाढ मिळत तो २००० सालापर्यंत टिकला. भाडे वाढत नाही म्हणून मालक दुरुस्ती करीना, आणि कायद्याने निषिद्ध असलेली पागडी मात्र सर्रास चाले. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतील तीन पिढ्यांचे आयुष्य या एका कायद्याच्या छायेत गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. आजचे म्हाडा हे त्याचेच उत्तराधिकारी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर सरकारी बससेवेची पहिली गाडी धावली. १९४८ चा कूळ कायदा, अस्पृश्यांना मंदिरे खुली करणारा १९४७ चा कायदा, पुणे विद्यापीठाची स्थापना आणि १९४९ चा व्यापक दारूबंदी कायदा हेही याच काळातले.

स्थानिक कारभाराच्या दृष्टीने सर्वांत टिकाऊ ठरला तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा. तो पुणे आणि अहमदाबाद ही शहरे डोळ्यांपुढे ठेवून केला होता. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. निवडून आलेली सर्वसाधारण सभा धोरण ठरवील, स्थायी समिती खर्चाला मंजुरी देईल आणि अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे राहतील, अशी ही रचना. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्याचा साचा तिला होता. महापौर हा प्रथम नागरिक खरा, पण आदेशावर सही आयुक्ताची. स्कूल बोर्डाच्या बाबतीत १९३८ मध्ये योजलेला तोडगाच येथे शहराच्या पातळीवर दिसतो.

निर्वासित आणि उल्हासनगर

फाळणीनंतर सिंधमधील हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने कराचीहून बोटींनी मुंबईत उतरू लागली. युद्धकाळापासून दाटी झालेल्या शहरात आणखी लोकवस्ती सामावणे अशक्य आहे, अशी खेर सरकारची भूमिका होती. १९४८ च्या मुंबई निर्वासित कायद्याने निर्वासितांची नोंदणी सक्तीची केली आणि त्यांना नेमून दिलेल्या छावण्यांत पाठविण्याचा अधिकार सरकारला दिला. घरदार गमावून आलेल्या लोकांना हा कायदा अपमानास्पद वाटला. शहराच्या पाणी, धान्य व निवाऱ्याच्या मर्यादा सरकारला दिसत होत्या. व्यापारउदीमावर जगणाऱ्या सिंधी समाजाला मुंबईची बाजारपेठ दिसत होती. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती.

कल्याणजवळ युद्धकाळात सैनिकांसाठी उभारलेली बराकींची मोठी छावणी रिकामी पडली होती. तेथे सुमारे एक लाख निर्वासितांना ठेवण्यात आले. बराकींत पडदे व तट्टे लावून एकेका कुटुंबाची खोली केली जाई. नळ आणि शौचकूप सार्वजनिक असत. छावणीचे पाच भाग होते. आजही तेथील रहिवासी पत्ता सांगताना कॅम्प क्रमांक प्रथम सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले.

कोनशिला बसली तरी कारभार छावणीचाच राहिला. रहिवासी निवडून देतील अशी संस्था नव्हती. दिवाबत्ती, सफाई, पाणी हे सारे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती होते. नगरपालिका येण्यास सुमारे दहा वर्षे लागली. तोवर लोकांनी बराकींच्या भिंती पुढे सरकवल्या होत्या, दुकाने काढली होती, कारखाने टाकले होते. ज्या जागेवर घर उभे आहे तिची सनद कोणाकडे आणि बांधकामाची परवानगी कोणी दिली, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये एकट्या उल्हासनगर शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. आधी वस्ती आणि मागाहून नियम, असा क्रम लागला की नगररचनेचा नकाशा प्रत्यक्ष जमिनीशी जुळत नाही, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

उत्तरायुष्य

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर खेर यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि मोरारजी देसाई त्या पदावर आले. १९५२ ते १९५४ या काळात खेर लंडन येथे भारताचे उच्चायुक्त होते. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला.

राज्य सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्यात प्राथमिक शिक्षणाच्या कारभाराची वाटणी कशी असावी, याचा विचार करणाऱ्या केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या समितीचेही ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक संस्थांना शिक्षणाच्या कारभारातून वगळू नये, मात्र अधिकार त्यांच्या आकारमानानुसार व कुवतीनुसार द्यावेत, असा अहवालाचा रोख होता. १९३८ मध्ये मंत्री म्हणून जे अधिकार त्यांनी बोर्डांकडून काढून घेतले, त्यांचा येथे अधिक सबुरीने पुनर्विचार झालेला आढळतो.

१९५५ मध्ये नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद हे त्यांचे शेवटचे मोठे काम. इंग्रजीकडून हिंदीकडे जाण्याविषयी आयोगाने १९५६ मध्ये अहवाल सादर केला. सुनीतिकुमार चटर्जी व पी. सुब्बरायन यांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडल्या.

व्यवस्थांचे पुढे काय झाले

१९४९ चा महानगरपालिका कायदा पुणे-अहमदाबादपुरता न राहता राज्यातील बहुतेक महानगरपालिकांचा कायदा झाला. आता तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. १९८३ मध्ये त्याच कायद्याखाली कल्याण महानगरपालिका झाली, तेव्हा अंबरनाथ व बदलापूरही तिच्यात होते. १९९२ मध्ये ती दोन्ही शहरे बाहेर पडली आणि १९६५ च्या कायद्याखालील नगरपरिषदांच्या कारभारात आली. उल्हासनगर १९९६ मध्ये महानगरपालिका झाले. एकाच लोहमार्गावरील लागोपाठच्या शहरांना त्यामुळे दोन वेगळे कायदे लागू आहेत: उल्हासनगरात आयुक्त आणि स्थायी समिती, तर अंबरनाथ-बदलापुरात नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी.

सेवा राज्यस्तरीय मंडळाकडे सोपविण्याची जी पद्धत एस.टी. व गृहनिर्माण मंडळाने रुळविली, ती पुढील सरकारांनी पाण्यासारख्या विषयातही वापरली. उल्हासनगर पाण्यासाठी औद्योगिक विकास महामंडळावर अवलंबून राहिले, तर अंबरनाथ व बदलापूरमध्ये पाणीवाटप महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे राहिले. नळाला पाणी आले नाही की नागरिक नगरसेवकाकडे जातो, आणि नगरसेवक त्याला दुसऱ्याच कार्यालयाचा रस्ता दाखवितो.

निधन आणि स्मृती

८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे खेर यांचे निधन झाले. मुंबईत वांद्रे पूर्व येथील खेरवाडी ही वसाहत त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि मलबार हिलवरील एका रस्त्यालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.